तव्याचा पापुद्रा

सन १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत साठावे कलम आहे. ऋणकोवर हुकूमनामा झाला आणि जप्ती दाराशी आली, तर घरातले काय नेता येईल व काय नेता येणार नाही, हे त्या कलमात सांगितले आहे. न नेण्याच्या वस्तूंची जी यादी आहे, तिच्या आरंभीच नेसूची वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण ही एका दमात येतात. शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे यांचा क्रम त्यांच्या मागून लागतो. हे कलम आजही अमलात आहे. माणसाचे सर्व काही गेले तरी त्याच्या घरची चूल पेटली पाहिजे आणि चुलीवर ठेवायला काही तरी उरले पाहिजे, एवढे कायद्यालाही कबूल करावे लागले.

आपल्या भीमाकाठच्या मुलखात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून घेऊन त्यांची होळी केली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आणि आजच्या दौंड तालुक्याचा बराच मुलूख त्याच तालुक्यात मोडत असे. दंग्याची ही लाट शिरूरकडेही पोचली. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. ज्या १८७५ साली सुप्यात खतपत्रे जळाली, त्याच साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला. तेव्हा अशा व्यासपीठावर शेतकऱ्याच्या घरातील भांड्यांचा विषय काढला, तर तो अगदीच परका ठरू नये.

त्या काळच्या घरात दुष्काळ शिरला की आधी दागिना बाहेर पडे आणि त्याच्या मागून तांब्यापितळेची भांडी जात. हंडा, घागर, परात, घंगाळ ही भांडी होती तशीच ती शिल्लकही होती. वजनावर ती मोडीत घालता येत, गहाण ठेवता येत. तव्याला मात्र मोडीत मोल ते काय? म्हणून सर्व गेल्यावर घरात जे उरे ते लोखंडाचे आणि मातीचे. भाकरी त्यावर होई.

आणखी एक भेद पाहा. पितळेचे भांडे घेतले की त्यावर नाव घालण्याची आपल्याकडे चाल आहे. दुकानात बसलेला कारागीर छिन्नी आणि हातोडीने ठिपक्याठिपक्यांनी नाव, गाव आणि तारीख कोरून देतो. लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव असते. जुन्या घरातील फडताळ उघडले तर तीन पिढ्यांचे नातेसंबंध तांब्याच्या कळशीवर वाचता येतात. इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपट जितका बोलका, तितकीच ही भांडी. तव्यावर मात्र कोणी नाव घालत नाही. तो कोणी आणला, केव्हा आणला, किती वर्षे चालला, याचा लेख नाही. त्याचा लेख एकच, आणि तो म्हणजे त्याच्या अंगावर बसलेला काळा तुकतुकीत पापुद्रा. आम्हांस आज या पापुद्र्याविषयीच बोलावयाचे आहे. भांडे कोणत्याही धातूचे असो, अन्न आणि ते भांडे यांच्यामध्ये एक पातळ थर असावा लागतो. तो थर कशाचा, तो कोण चढवितो, आणि तो गेला म्हणजे पुन्हा कोणाला चढविता येतो, एवढ्या तीन प्रश्नांत घरातील भांड्यांचा सगळा इतिहास सामावतो, असे आम्हांस वाटते.

आरंभ मातीपासून करावा लागतो, आणि त्यासाठी आपल्याला शिरूर तालुक्याबाहेर जाण्याचे कारण नाही. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या संशोधकांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतील शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली. शंभराहून अधिक घरे, त्यांतील चुली, धान्याच्या बळदा आणि कुंभाराची भट्टी अशा सर्व खुणा तेथे मिळाल्या. हे लोक जव पिकवीत. त्यांच्याजवळ तांबे होते, पण फार थोडे. लोखंड त्यांना ठाऊक नव्हते. लाल अंगावर काळी नक्षी काढलेली त्यांची सुबक भांडी प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्यासोबत रोजच्या कामाची जाडीभरडी भांडीही सापडतात. म्हणजे दाखवायचे भांडे वेगळे आणि चुलीवरचे वेगळे, हा भेद आपल्या मुलखात तीन हजार वर्षांपूर्वीही होता.

मातीच्या भांड्याला बारीक छिद्रे असतात. नवे मडके पाण्याने पाझरते आणि चुलीवर एकदम तापविले तर तडकते. म्हणून खेड्यापाड्यांतील बाया आजही नवे मडके आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात, मग त्यात भाताची पेज किंवा कण्यांचे पाणी घालून मंद जाळावर उकळतात. पेजेतील पिठूळ अंश छिद्रांत जाऊन बसतो, आणि मडके धरते. हा पहिला पापुद्रा. तो घरात चढतो, घरच्या धान्याने चढतो, आणि त्यासाठी कोणाला पैसा द्यावा लागत नाही. कुंभार बलुतेदार होता. त्याची मडकी बलुत्याच्या धान्यावर मिळत, आणि ती फुटली तर उकिरड्यावर जाऊन पुन्हा माती होत. खानदेशात खापरावरचे मांडे करतात. पालथ्या घातलेल्या खापराच्या पाठीवर हाताएवढा मांडा पसरणारी बाई आणि इनामगावच्या चुलीपाशी बसलेली बाई यांच्यामध्ये काळ मोठा गेला, पण मातीचा तापलेला पाठपोट ओळखण्याची विद्या एकच आहे.

लोखंड महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे दिसते ते विदर्भात. नागपूरजवळ नायकुंड येथे इसवी सनापूर्वी सातशेच्या आसपासची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. तेथील शिळावर्तुळांच्या संस्कृतीतील लोकांनी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि घोड्यांचे लगाम लोखंडाचे केले. पुढील काळात सह्याद्रीवरही लोखंड निघू लागले. महाबळेश्वरच्या जांभ्या दगडातून लोखंड गाळणारे धावड लोक प्रसिद्ध होते. इंग्रजी अमलात जंगल तोडण्यावर बंधने आली आणि बोटीने स्वस्त विलायती लोखंड आले, तेव्हा त्यांच्या भट्ट्या विझल्या.

गावच्या लोहाराचे बलुते मुख्यतः फाळ, विळा, खुरपे यांचे असे. तवा, उलथणे, फोडणीची पळी ही कामे पुष्कळदा घिसाडी करीत. गाढवांवर बिऱ्हाड लादून हे फिरते लोहार गावाबाहेर उतरत. नवरा सांडशीने लोखंड धरी, बायको घण घाली, आणि गावातील बाया आपापले मोडके लोखंड घेऊन भोवती उभ्या राहत. ठोकून केलेल्या तव्याला किंचित खोलगट पोट असते. ते चुलीच्या तीन थानांवर नीट बसते आणि जाळ मध्ये धरते. भांड्याचा आकार चुलीने ठरविला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ओट्यावरची गॅसची शेगडी आली तेव्हा गोल बुडाची भांडी डगमगू लागली, आणि सपाट बुडाच्या पातेल्यांनी त्यांची जागा घेतली.

नवा लोखंडी तवा मुरवावा लागतो. आमच्या आयाबाया हे काम कसे करीत ते येथे नीट सांगून ठेवतो, कारण ते कोठे लिहिलेले आढळत नाही. प्रथम तवा राखेने आणि काथ्याने खरखरून घासायचा, म्हणजे दुकानातील तेल आणि काळपट भुकटी निघून जाते. मग तो चुलीवर कोरडा तापवायचा. त्यावर तेलाचा अगदी पुसट हात द्यायचा. ओघळ येईल इतके तेल घालायचे नाही. धूर सुटू लागला की उतरवायचा, निवू द्यायचा, पुन्हा पुसट हात द्यायचा. असे चारपाच वेळा झाले म्हणजे लोखंडाचा करडा रंग जाऊन तपकिरी आणि मग काळा रंग येतो. शेवटी अर्धा कांदा मिठात बुडवून तापल्या तव्यावर फिरवायचा आणि पहिले एकदोन दिवस त्यावर कांद्याची सालपटे किंवा फुटकळ पीठ भाजून टाकून द्यायचे.

यात घडते काय? तापलेल्या लोखंडावर तेलाचे कण हवेशी संयोग पावून एकमेकांत गुंततात, आणि तेल तेल राहत नाही. त्याचा कडक, चिवट पापुद्रा होतो. चित्रकाराचा जवसाच्या तेलातील रंग वाळून कडक होतो, तसाच हा प्रकार. काही तेले अशी लवकर वाळतात, काही वाळत नाहीत. जवस आणि करडई ही वाळणारी तेले आहेत, म्हणून रंगाच्या कामातही ती चालतात. आणि आपल्या दख्खनच्या रब्बीत ज्वारीसोबत कोणते गळिताचे पीक उभे राहत असे? करडईच. म्हणजे ज्या मुलखात भाकरीचा तवा रोज चढे, त्याच मुलखाच्या घाण्यावर तवा मुरविण्याला योग्य तेल निघत होते. हे कोणी रसायनशास्त्र वाचून जुळविले नव्हते. पण जुळले होते हे खरे.

येथे एक बारकावा आहे. भाकरीला तेल लागत नाही. थापलेल्या भाकरीच्या वरच्या अंगाला पाणी फिरवितात, ती तव्यावर उलटते, आणि मग निखाऱ्याशी उभी राहून फुगते. म्हणून जाणती गृहिणी भाकरीचा तवा निराळा ठेवते आणि धिरडी-घावनाचा निराळा. भाकरीचा तवा पिठाने आणि पाण्याने मुरतो, धिरड्याचा तेलाने मुरतो. एकाचे काम दुसऱ्यावर लादले की दोन्ही बिघडतात. कोकणात घावनासाठी बिडाचा तवा वापरतात. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते जाड असते, उशिरा तापते, पण तापले की उष्णता धरून ठेवते. मात्र ते ठिसूळ असते. हातातून पडले तर फुटते, आणि तापलेल्या बिडावर थंड पाणी ओतले तर तडकते. तापल्या तव्यावर पाणी टाकू नये अशी आपल्याकडे जुनी रूढी आहे. रूढीमागचा समज काही असो, बिडाच्या दृष्टीने ती रूढी शहाणपणाची आहे.

आता तांब्यापितळेकडे वळू. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत वसलेल्या या आळीत त्वष्टा कासार समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या तांब्याचे काम करीत आली. मठारण्याच्या हातोडीचा ठेका हीच त्या आळीची ओळख होती. १८५८ साली आगगाडी पुण्यास आली आणि त्याच वर्षाअखेर ती पुढे दिकसाळपर्यंत गेली. मुंबई बंदरात उतरलेले तांब्यापितळेचे विलायती पत्रे या लोहमार्गाने पुण्यास येऊ लागले, आणि तयार भांडी त्याच मार्गाने बाजारोबाजार जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्यापितळेचे काम हा पुण्याचा एक मोठा धंदा झाला होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६ साली दख्खनच्या शहरांतील हस्तव्यवसायांवर ना. म. जोशी यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. यंत्रापुढे हातकामाचे काय होत आहे, हा प्रश्न तेव्हाच अभ्यासकांपुढे उभा राहिला होता.

पण तांब्याला आंबट सोसत नाही. ताक, चिंच, आमसूल यांच्या संगतीने तांब्यावर हिरवा जंगाल चढतो, आणि तो पोटात गेला तर बाधतो. ‘ताक कळकले’ हा आपल्या भाषेतील शब्दच त्या अनुभवातून रूढ झाला. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हई म्हणजे कथलाचा पापुद्रा. अकबराच्या मुदपाकखान्याचे नियम अबुल फजलने आईन-इ-अकबरीत नोंदविले आहेत. बादशहाच्या वापरातील तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई करावी आणि शहाजाद्यांच्या भांड्यांना एकदा, असे त्यात आहे. शहाजादा झाला तरी त्याच्या पातेल्याला पंधरवड्याची कल्हई नव्हती! हे कथील येई मलायाकडून. कल्हई या शब्दाचे मूळ अरबी असून तो त्याच बाजूच्या एका बंदराच्या नावावरून आला, असे भाषापंडित सांगतात. म्हणजे आपल्या वाड्यातील वरणाच्या पातेल्याचा संबंध थेट पूर्व समुद्रापलीकडे जातो.

कल्हईवाला आळीत आला की जमिनीत खळगा खणी, त्यात कोळसे पेटवी आणि भाता लावी. भांडे वाळूने घासून लख्ख करी, तापवी, नवसागराची पूड टाकी, कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील झरझर सर्वत्र फिरवी. पांढरा धूर उठे, काळे पातेले चांदीसारखे होई, आणि ते पाण्यात बुडताच चर्र आवाज होई. भोवती मुलांचे कोंडाळे असे. कामात लबाडीही चाले. कथील महाग म्हणून काही जण त्यात शिसे मिसळीत, आणि शिसे हे विष आहे. अशा कल्हईवर बोट घासले तर ते काळे पडते, ही परीक्षा जुन्या बायकांना ठाऊक होती.

कथील २३२ अंशांवर वितळते, तांबे १०८५ अंशांवर. या दोन आकड्यांत आपल्या स्वयंपाकघराची जुनी श्रमविभागणी दडलेली आहे. कल्हईचे भांडे कोरडे चुलीवर ठेवायचे नाही, कारण कल्हई पाघळते. त्यात पाणी असेल तोवर धोका नाही, कारण पाणी शंभर अंशांवर उकळते. म्हणून वरण, भात, दूध, कढी ही कल्हईच्या पातेल्यात. भाजणे, तळणे, परतणे लोखंडी कढईत. आणि फोडणी? ती लोखंडी पळीत करून वरून ओतायची. पळीतील फोडणी हा केवळ चवीचा थाट आहे असे आपण समजतो. त्यात पातेल्याची कल्हई राखण्याचा हिशेबही होताच.

या सर्व भांड्यांहून मोठे भांडे आपल्याच भागात आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्यामध्ये खुटबाव हे स्टेशन लागते. मुठेवर खडकवासल्याचे धरण १८७० च्या दशकात बांधले गेले, कालवे निघाले, आणि पुण्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू मुलखात हळूहळू ऊस आला. उसामागून गुऱ्हाळ आले. राहू, खुटबाव, केडगाव हा पट्टा गुऱ्हाळांचा म्हणून ओळखला जातो. गुऱ्हाळातील काहील म्हणजे लोखंडी पत्र्याची अजस्र सपाट कढईच. तव्याचे सगळे नियम तिला लागू, मात्र शंभरपटीने. उसाचा रस थोडा आंबट असतो, आणि गंजक्या काहिलीत तो लोखंड खातो. मग गूळ काळसर होतो आणि बाजारात भाव पडतो. म्हणून हंगामाच्या आरंभी काहील खरवडून, धुऊन स्वच्छ करावी लागते, रसात चुन्याची निवळी घालून आंबटपणा मारावा लागतो, आणि भेंडीच्या चिकाने मळी वर काढावी लागते. गूळ सुमारे ११८ अंशांवर तयार होतो. तो वाफ्यात ओतला की तापलेली काहील क्षणभरही कोरडी ठेवून चालत नाही, तळाशी चिकटलेला गूळ करपतो आणि पुढचे आधण बिघडवितो. हंगाम संपला की काहील घासून, वाळवून, तेलाचा हात देऊन आडोशाला ठेवायची.

गुळव्या हा या कामातला जाणता माणूस. रसाचा फेस पाहून, पाण्यात थेंब टाकून, बोटांत गोळी वळून तो आधणाची घडी ओळखतो. त्याच्या ज्ञानाला गुऱ्हाळात मान आहे आणि मजुरीही आहे. त्याच गावातील घराघरांत तव्याची घडी ओळखणारी बाई बसलेली असते. पाण्याचा शिंतोडा उडवून, थेंब नाचला की बसला हे पाहून, ती तवा तापला की नाही ते सांगते. दोघांची विद्या एका जातीची. पण एकाच्या विद्येला धंदा म्हणतात आणि दुसरीच्या विद्येला काहीच म्हणत नाहीत. इतिहासात तव्यावर नाव नाही याचे खरे कारण हे आहे.

आता नव्या भांड्यांची गोष्ट. अॅल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत १८८६ साली सापडली, आणि आपल्या देशात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत १८९८ साली या धातूची भांडी करण्यास सुरुवात केली. हलके, स्वस्त, कल्हई नको. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रियर्ली याने न गंजणारे पोलाद केले. त्याला आपण नुसते ‘स्टील’ म्हणतो. त्यात लोखंडासोबत क्रोमियम असते, आणि हवा लागताच त्यावर डोळ्यांना न दिसणारा एक थर आपोआप धरतो. खरवडला तर पुन्हा आपोआप धरतो. स्टीलचे भांडे हे स्वतःच स्वतःला कल्हई करणारे भांडे आहे, असे म्हटले तरी चालेल. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत या दोन धातूंनी आपली घरे भरून टाकली. कथील तर जवळजवळ सगळेच परदेशातून येई, आणि परकीय चलनाची चणचण होती. कल्हई महागली, पितळ मोडीत गेले, आणि त्या बदल्यात स्टीलचे डबे आले.

या बदलाने स्त्रियांचे हाल पुष्कळ कमी झाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. राखेने आणि चिंचेने पितळ घासता घासता ज्यांचे हात भेगाळले, त्यांनी स्टीलचे स्वागत केले यात नवल नाही. जुन्या भांड्यांचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी ती भांडी कोण घाशी, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

पण याच्या पुढचे पाऊल निराळ्या जातीचे पडले. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनज्ञाला टेफ्लॉन हा पदार्थ अनपेक्षितपणे हाती लागला, आणि १९५० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये तो तव्यावर बसविण्यात आला. न चिकटणारा तवा तो हाच. येथेही पापुद्राच आहे. फरक एवढाच की हा पापुद्रा कारखान्यात चढतो, आणि एकदा सुटला की घरच्या बाईला, लोहाराला किंवा कल्हईवाल्याला, कोणालाही तो पुन्हा चढविता येत नाही. रिकामा तवा मोठ्या आचेवर राहिला तर तो पापुद्रा विरतो आणि त्याचा धूर अपायकारक असतो. लोखंडी उलथण्याने तो खरवडतो. मग तवा टाकून द्यायचा आणि नवा आणायचा. मातीचे मडके पेजेने मुरे, लोखंड करडईच्या तेलाने मुरे, तांब्याला महिन्या-दोन महिन्यांनी कल्हई मिळे. ही सर्व भांडी दुरुस्त होत. जे दुरुस्त होऊ शकत नाही असे चुलीवरचे भांडे प्रथमच आपल्या घरात आले. भांड्याची राखण घराच्या हातातून गेली ती येथे.

अलीकडे शहरांतून बिडाच्या आणि लोखंडाच्या भांड्यांची आवड पुन्हा दिसू लागली आहे. त्याला एक गंभीर कारणही आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नात लोहाचा थोडा अंश उतरतो. इथिओपियात मुलांवर केलेला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोखंडी भांड्यातील अन्न खाणाऱ्या मुलांचे रक्त अॅल्युमिनियमच्या भांड्यातील अन्न खाणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारलेले दिसले. लोखंडी कढई हे औषध नव्हे, आणि रक्तक्षय असेल तर डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. पण ज्या घरात पालेभाजी कढईत परतली जाते, तेथे थोडा आधार मिळतो, हे निश्चित.

म्हणून श्रोत्यांपैकी कोणी असा तवा घेण्यास निघाले असतील तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. तवा हातात घेऊन वजन पाहावे. पातळ पत्रा लवकर वाकतो आणि मध्ये करपतो. बिडाचा असेल तर बोटाच्या पेराने ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज आला तर कोठे तरी तडा आहे. पाठपोटावर बोट फिरवून खड्डे आहेत का ते पाहावे. गॅसची शेगडी असेल तर सपाट बूड घ्यावे, चूल असेल तर खोलगट चालेल. घरी आणल्यावर वर सांगितल्याप्रमाणे मुरवावा. चिंच, टोमॅटो, ताक यांचे पदार्थ त्यात शिजवू नयेत, कारण आंबट पापुद्रा खाते आणि पदार्थ काळा होतो. शिजलेले अन्न कढईत साठवू नये. तवा निवल्यावर धुवावा, पुसावा, क्षणभर आचेवर कोरडा करावा आणि तेलाचे बोट फिरवून ठेवावा. रोजच्या घासण्यात राख अगर साबणाची पूड जोराने चोळू नये, नाही तर महिन्याची कमाई एका दिवसात जाते. आणि गंज चढला तरी भिऊ नये. तो घासून काढावा आणि तवा पुन्हा मुरवावा. लोखंडाला पुन्हा आरंभ करता येतो, हाच त्याचा मोठा गुण.

मात्र तवा विकत आणणे म्हणजे त्याची राखणही पत्करणे. ती राखण पूर्वीप्रमाणे घरातील एकाच व्यक्तीच्या हातावर टाकावयाची असेल, तर तिने तो तवा माळ्यावर टाकून स्टीलचाच वापरला तर तिला दोष देता येणार नाही. जेवून उठल्यावर तवा पुसून त्याला तेलाचे बोट लावण्याचे काम घरातील मुलालाही शिकविता येते. त्याला दोन मिनिटे लागतात.

आणखी एक काम आपल्यासारख्यांनी हाती घेण्याजोगे आहे. पितळेच्या भांड्यांवरची नावे आज ना उद्या कोणी तरी उतरवून घेईल, संग्रहालये ती भांडी जपतील. पण तवा कसा मुरवायचा, कल्हईतील शिसे कसे ओळखायचे, नव्या मडक्याला कोणती पेज लावायची, हे ज्यांना ठाऊक आहे त्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. खुटबावसारख्या गावात गुळव्या आहेत आणि भाकरीचा तवा ओळखणाऱ्या आज्याही आहेत. त्यांच्यापाशी बसून, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या नावानिशी हे ज्ञान लिहून घ्यावे. १९०८ च्या कायद्याने स्वयंपाकाची भांडी जप्तीतून सोडविली. त्या भांड्यांमागची विद्या सोडविण्याचे काम कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. ते आपणच करावयाचे आहे.